माती खाणारं मूल आणि पोटातले जंत : या चुका टाळा

जंताची गोळी दिली, सहा महिने गेले आणि पोटदुखी परत आली. मग दोष जातो गोळीला. खरं तर गोळीने आपलं काम केलेलं असतं. अल्बेंडाझोल या जंतांवरच्या औषधाची 400 मिलिग्रॅमची एक मात्रा आतड्यात आज असलेले जंत मारते, उद्या पोटात जाणारी अंडी अडवत नाही. मूल माती खातच असेल, तर गोळी ही फक्त मधली सुट्टी.

‘माती स्वच्छ दिसते’ हा दुसरा गैरसमज. गोलकृमी म्हणजे आतड्यात राहणारा, गांडुळासारखा दिसणारा लांब जंत; त्याची मादी दिवसाला सुमारे 2 लाख अंडी घालते. विष्ठेतून पडलेली अंडी लगेच बाधत नाहीत. ओलसर, सावलीतल्या मातीत त्यांना तयार व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि नंतर ती वर्षानुवर्षं टिकू शकतात. तोवर तिथे घाणीचा मागमूसही उरलेला नसतो.

सगळे जंत तोंडावाटेच येतात असंही नाही. अंकुशकृमीच्या (आतड्याला चिकटून रक्त पिणाऱ्या बारीक जंताच्या) अळ्या मुख्यतः अनवाणी पायाच्या कातडीतून शिरतात. केनियातल्या प्राथमिक शाळेतल्या मुलांचा एक अभ्यास 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात औषधानंतर गोलकृमी पुन्हा होण्याचं प्रमाण माती खाणाऱ्या मुलांत जास्त आढळलं. अंकुशकृमीच्या बाबतीत तसा फरक दिसला नाही. म्हणजे माती सुटली तरी पायात चप्पल हवीच. आणि रात्री गुदद्वाराशी खाज सुटत असेल, तर ते बहुधा सुतकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे बारीक पांढरे जंत. त्यांचा मातीशी संबंध नाही. ते हातावरून, अंथरुणावरून पसरतात, म्हणून औषध घरातल्या सगळ्यांनी एकदम घ्यायचं आणि दोन आठवड्यांनी पुन्हा.

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती मारझोड. मूल माती सोडत नाही, लपून खायला शिकतं. मग किती खातं, कुठली खातं, काहीच कळत नाही. त्यापेक्षा शांतपणे विचारा, आणि रक्त तपासून घ्या. ‘कॅल्शियम कमी असेल’ म्हणून आणलेली बाटली बऱ्याचदा निरुपयोगी ठरते, कारण अशा मुलांत पुष्कळदा कमी असतं ते लोह. अंकुशकृमी रक्त शोषून लोह आणखी घटवतात, काही प्रकारची माती अन्नातलं लोह धरून ठेवते, आणि लोह घटलं की मातीची ओढ वाढू शकते. हे चक्र नुसत्या जंताच्या गोळीने तुटत नाही. लोहाची मात्रा मात्र डॉक्टरांनीच ठरवावी; जास्त झाली तर विषबाधा होते.

शौचाची तपासणी एकदा ‘निल’ आली म्हणून निर्धास्त होऊ नका. गिळलेल्या अंड्यातून निघालेला गोलकृमी स्वतः अंडी घालू लागायला दोन-तीन महिने जातात. तोवर नमुन्यात काहीच सापडत नाही.

पोट फुगलंय, सारख्या उलट्या होतायत, शौचाला होत नाही, तर घरी गोळी देत बसू नका. जंतांच्या गुंत्याने आतडं अडलेलं असू शकतं. सरळ रुग्णालय गाठा.