चंद्रकला आणि ऋतू शिकवताना या चुका टाळा

चौथीच्या वर्गात बल्ब आणि चेंडू घेऊन चंद्रकला दाखवायला गेलो आणि ऐन पौर्णिमेला फसलो. मधे उभी मुलगी म्हणजे पृथ्वी, तिच्या हातातला चेंडू चंद्र, टेबलावरचा बल्ब सूर्य. तिने बल्बकडे पाठ केली आणि तिच्याच डोक्याची सावली चेंडूवर पडली. "सर, पौर्णिमेलाच अंधार!" मी घाईघाईत म्हटलं, "हे ग्रहण." झालं! निम्म्या वह्यांत आलं: पृथ्वीच्या सावलीमुळे चंद्राच्या कला दिसतात.

उपाय साधा आहे. चेंडू डोक्याच्या थोडा वर धरायला सांगा. चंद्राची कक्षाही अशीच सुमारे 5 अंशांनी कललेली आहे, त्यामुळे बहुतेक पौर्णिमांना तो सावलीच्या वरून किंवा खालून निसटतो. चंद्राचा अर्धा भाग कायम उजळलेलाच असतो. त्यातला किती आपल्याकडे वळलाय, त्यावर कला ठरते. टेबल टेनिसचा चेंडू मात्र नको, त्यातून उजेड आरपार जातो. थर्माकोलचा गोळा पेन्सिलीला खोचा आणि पडदे ओढून घ्या, नाहीतर पांढऱ्या भिंतींचा उजेड सगळी मजा घालवतो.

पुस्तकातल्या चित्रात चंद्र पृथ्वीला खेटून असतो. चार सेंटिमीटरचं लिंबू पृथ्वी धरलं तर चंद्र वाटाण्याएवढा. तो कुठे ठेवायचा, हे आधी मुलांना विचारा. बहुतेक जण वीतभर अंतरावर ठेवतात. खरं अंतर येतं सव्वा मीटरच्या आसपास!

"चंद्र रात्र झाली की उगवतो" याला उत्तर घरातच आहे. संकष्टीला आजी नऊ-साडेनऊपर्यंत उपाशी का थांबते? पौर्णिमेला चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो आणि पुढे रोज साधारण पाऊण तास उशीर करत जातो. शुद्ध अष्टमीला तर तो भर दुपारी उगवतो. शाळा सुटताना मुलांना मान वर करायला लावा.

ऋतूंची चूक जास्त चिवट. "उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो," असं मोठी माणसंही ठामपणे सांगतात. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे 14.7 कोटी किलोमीटरवर, आणि तेव्हा आपण स्वेटर घालून बसलेलो असतो. जुलैत अंतर 15.2 कोटी. कारण आहे 23.5 अंशांनी कललेला अक्ष. पण पृथ्वीगोल घेऊन दिव्याभोवती फिरताना आपला हात नकळत वळतो आणि अक्ष सतत दिव्याकडेच झुकलेला राहतो. मग कुठला हिवाळा! वर्गातली एक भिंत ध्रुवताऱ्याची ठरवा आणि अक्षाचं वरचं टोक चारही बाजूंना तिच्याकडेच रोखलेलं ठेवा.

"मग जूनमध्ये सगळ्यात जास्त ऊन का नाही?" हा प्रश्न येणारच. तोवर पावसाचे ढग आलेले असतात, हे उत्तर पोरांना लगेच पटतं.

"दुपारी बाराला सूर्य डोक्यावर" हेही तपासून पाहा. पुण्यात तो बरोबर डोक्यावर येतो वर्षातून दोनच दिवस. त्यातला पहिला 13 मेच्या सुमारास, तोही 12 वाजून 31 मिनिटांनी. अंगणात उभ्या ठेवलेल्या बाटलीची सावली तेव्हा तिच्या बुडाखाली गडप होते. सूर्याकडे नाही, सावलीकडे बघायचं, हे आधीच बजावा. अडचण एवढीच की मे सुट्टीत जातो आणि जुलैअखेरचा दुसरा दिवस बहुधा ढगांत. म्हणून मी बाटलीचा प्रयोग सुट्टीचा अभ्यास म्हणून देतो.