ओटा ग्रॅनाइटचा की क्वार्ट्झचा, दुकानात जायच्या आधी एवढं कराच

आधी दोन दिवस नुसतं बघा की घरातले लोक गॅसवरून उतरवलेली कढई ठेवतात कुठे. खाली काही न घेता सरळ ओट्यावर टेकवत असतील आणि ती सवय मोडणार नसेल (मोडत नाही हो) तर माझं मत ग्रॅनाइट, कारण क्वार्ट्झच्या स्लॅबमधे वजनाने ९० टक्क्यांच्या आसपास गारगोटीचा चुरा असला तरी त्याला धरून ठेवतं ते रेझिन (प्लास्टिकसारखा चिकट पदार्थ), आणि ते १५० डिग्रीच्या आसपास मान टाकतं. मी घरी आणलेल्या सँपलवर मुद्दाम तापलेला तवा ठेवून बघितला, पिवळट गोल उमटला तो घासून घासूनही गेला नाही, बरं झालं सँपलवरच झालं. ओट्यावर कडक ऊन येतं का तेही बघा, उन्हानेसुद्धा रेझिन पिवळं पडतं. पण ज्यांना सीलर (दगडाने पाणी पिऊ नये म्हणून ग्रॅनाइटला लावायचं द्रव्य) वगैरेची कटकट नको आणि तवा खाली काहीतरी घेऊनच ठेवतात त्यांनी खुशाल क्वार्ट्झ घ्या.

दुकानात जाताना मापं तर न्याच, सोबत पाण्याची बाटली, लिंबू, पांढरं फडकं आणि अ‍ॅसिटोनवालं नेलपॉलिश रिमूव्हर. हसतील, हसू दे. ग्रॅनाइटवर पाणी टाकून दहा-पंधरा मिनिटं थांबा, डाग काळपट झाला तर दगड पाणी पितोय, म्हणजे सीलर अधूनमधून लावावा लागणार. लिंबाने चमक गेली तर ते ग्रॅनाइटच्या नावाखाली दुसरंच काहीतरी आहे. काळ्या दगडावर रिमूव्हरचं फडकं फिरवा, फडकं काळं झालं तर रंग मारलाय, सरळ पुढे चला. रेघ दिसली तर नख फिरवा, अडकलं तर तडा समजायचा. ग्रॅनाइटची स्लॅब स्वतः निवडून खडूने नाव टाकूनच निघा, कारण छोट्या तुकड्यावरून अख्ख्या दगडाचा अंदाज येत नाही. क्वार्ट्झला सँपल चालतं पण ते रात्री आपल्याच किचनच्या लाइटमधे बघा.

कारागिराला आधीच सांगा की जॉइंट सिंकवर नको, हॉबच्या (ओट्यात बसवायच्या शेगडीच्या) कटिंगचे कोपरे गोल हवेत (तडा तिथूनच जातो) आणि कापाकापी घरात कोरडी करायची नाही, त्या धुळीतल्या सिलिकाने फुफ्फुसं जातात, ऑस्ट्रेलियाने तर त्यापायी १ जुलै २०२४ पासून क्वार्ट्झच्या स्लॅबसारखा कृत्रिम दगड वापरायला बंदीच घातली.

आणि हो, जिन्याचं वळण मोजून ठेवा, २० मिमी ग्रॅनाइट चौरस मीटरला पन्नास किलोच्या वर भरतो आणि तो वाकत नाही.