घराची वायरिंग करायलात? आधी वायरचे रंग ठरवा

घराचं बांधकाम निघालं की सळईवर महिनाभर चर्चा होती, पण वायर कोणत्या रंगाची आणायची हे कुणी विचारत नाही. वायरमन चिठ्ठी देतो अन् आपण दुकानातून उचलून आणतो. आमच्याकडं परभणीजवळच्या गावात असंच झालं, वायरमनकडं लाल वायर उरली होती, मागच्या दोन खोल्यांत त्यानं फेजबी (करंट आणणारी वायर) लाल अन् न्यूट्रलबी (करंट परत नेणारी) लालच टाकली. चार वर्षांनी काका स्वयंपाकघरातला होल्डर बदलायला स्टुलावर चढले, बटण बंद होतं तरी झटका बसला, खाली पडले अन् मनगट मोडलं. बोर्ड उघडल्यावर कळलं की बटण न्यूट्रलवर बसवलेलं, म्हणजे बल्ब विझत होता पण होल्डरपर्यंत फेज कायम येतच होता. दोन्ही वायरी लाल, मग बघणाऱ्याला कळणार कसं? म्हणून हे लिहायलोय.

आपल्याकडं भिंतीतल्या वायरिंगचा हिशोब सोपा आहे. फेज लाल, न्यूट्रल काळी, अर्थिंग (गळालेला करंट जमिनीत नेणारी वायर) हिरवी किंवा हिरवी-पिवळी पट्ट्याची. थ्री फेज कनेक्शन असेल तर तीन फेज लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळीच. बटण नेहमी फेजवर, न्यूट्रल सरळ होल्डरला. बटणापासून होल्डरकडं जाते ती वायरसुद्धा फेजच समजायची, तिला काळी वायर वापरू नका. आणि काही झालं तरी हिरवी वायर फेजला किंवा न्यूट्रलला लावू द्यायची नाही, "उरलीय तर लावू की" म्हणला तरी नाही.

आता खरा घोळ निळ्या रंगाचा. कूलर, मिक्सर, फ्रिज यांच्या कॉर्डमधे आजकाल तपकिरी, निळी आणि हिरवी-पिवळी अशा तीन वायरी येतात. तिथं तपकिरी म्हणजे फेज अन् निळी म्हणजे न्यूट्रल. पण शेतातल्या थ्री फेज मोटरच्या केबलमधली निळी हा फेज असतो, तिथं लाल पिवळी निळी तिन्ही फेज, न्यूट्रल नसतोच. कूलरची निळी बघून डोक्यात "निळी म्हणजे न्यूट्रल" बसलेला माणूस स्टार्टरच्या पेटीत हात घालतो तेव्हा काय होईल सांगायची गरज नाही. निळी दिसली की आधी बघा, उपकरणाची कॉर्ड आहे का फिक्स वायरिंग.

कूलरवर जरा जास्त बोलतो, कारण एप्रिल-मेमधे आपल्याकडं घरोघरी पत्र्याचा कूलर असतो, आत पाणी, खाली ओली फरशी, अन् लेकरं अनवाणी. थ्री पिन टॉप (कॉर्डच्या टोकाला असतो तो) खराब झाला की लोकं टू पिन लावतात आणि हिरवी वायर कापून टाकतात. मग आत पंपाची किंवा मोटरची वायर पत्र्याला लागली की सगळा कूलर जिवंत. थ्री पिनच लावा. हिरवी-पिवळी वरच्या मोठ्या पिनला, तपकिरी एल लिहिलंय तिथं, निळी एन लिहिलंय तिथं. भिंतीवरच्या प्लगकडं तोंड करून उभं राहिलं तर उजव्या भोकात फेज पाहिजे, पण टॉप उलटा धरून उघडला की डावं-उजवं बदलतं, म्हणून अक्षरंच बघा. आणि उन्हाळ्यात काळी माती भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा.

दुकानात जाताना रंगाप्रमाणं वेगवेगळी बंडलं सांगा. एक बंडल साधारण 90 मीटरचं असतं. लाईट-पंख्याला 1.5 स्क्वेअर एमएम जाडीची, 16 अँपियरच्या पॉवर प्लगला 2.5, एसीला 4. न्यूट्रल फेजएवढीच जाड पाहिजे, कारण जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो. इथं पैसे वाचवायला बारीक काळी टाकणारे खूप बघितलेत, ती तापते. वायरवर आयएसआय मार्क आणि आयएस 694 (वायरीच्या भारतीय मानकाचा नंबर) छापलेलं आहे का तेही बघून घ्या.

इन्व्हर्टर बसवणार असाल तर त्याचा फेज वेगळ्या रंगात ओढायला सांगा, सिंगल फेज घर असेल तर पिवळा चालतो. कारण मेन बंद केला तरी इन्व्हर्टरवरच्या पॉइंटला 230 व्होल्ट चालूच राहतंय, अन् बोर्ड उघडणाऱ्याला सगळ्या वायरी लाल दिसल्या तर त्याला वाटतंय सगळं बंद आहे.

जुन्या घरात रंगावर अजिबात विश्वास ठेवू नका. टेस्टर आधी चालू प्लगमधे लावून बघा, त्याचा दिवा नक्की लागतोय ना, मग बाकीचं तपासा. फेजला लागला पाहिजे, न्यूट्रलला नाही. कधी दोन्ही भोकांत टेस्टर लागतो पण उपकरण काहीच चालत नाही, तेव्हा मागं कुठंतरी न्यूट्रल तुटलेला असतो, अन् काळ्या वायरीतूनसुद्धा झटका बसू शकतो. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

रंग बदलायला भिंत फोडायची गरज नाही. वायरमन फेज कोणता ते तपासून देईल, मग मेन अन् इन्व्हर्टर दोन्ही बंद करून वायरीच्या दोन्ही टोकांना टेप गुंडाळायची, फेजला लाल अन् न्यूट्रलला काळी, बोर्डात पण अन् होल्डरजवळ पण. आम्ही त्या दोन खोल्यांत तेच केलं, बटणं फेजवर घेतली, आणि मेन बोर्डाच्या दाराला आतून कागद चिकटवला, कोणता रंग कशाचा, इन्व्हर्टरवर कोणते पॉइंट. नवीन घर असेल तर प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, पाईप कुठून गेलाय ते नंतर कुणालाच आठवत नाही.