गच्चीवरून एका सेकंदाची वजनरहित अवस्था: पाण्याचा प्रयोग

वजन नाहीसं झालं की पाणी कसं वागतं, हे बघायला परदेशातले विद्यार्थी विमानातून जातात. फ्रान्समधल्या बोर्दोहून उडणारं ए-310 एका उड्डाणात 31 वेळा कमानीसारखं वर-खाली होतं आणि दर वेळी सुमारे 22 सेकंद वजनरहित अवस्था देतं. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या लेकरांना ते विमान मिळणार नाही, पण 5 मीटर उंचीवरून सोडलेल्या पेटीत एक सेकंद मिळतो. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते आणि हा एक सेकंद प्रत्येक शाळेनं लेकरांना दाखवावा, असं मला मनापासून वाटतं.

भांडं लहानच घ्या, दोन-अडीच सेंटिमीटर रुंदीचं. वजन गेल्यावर पाण्याचा नवा आकार पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आवळून धरणारा ताण, घडवतो आणि भांडं दुप्पट रुंद केलं की त्याला जवळपास तिप्पट वेळ लागतो. बादलीत एका सेकंदात काहीच दिसणार नाही.

प्रयोगशाळेतल्या दोन काचपट्ट्या साबणानं स्वच्छ धुवा. त्यांची एक उभी कड जुळवा, दुसऱ्या कडेच्या फटीत पेन्सिलीचा तुकडा ठेवा आणि वरून दोरा बांधा. ही पाचर लहान काचेच्या पेल्यात उभी करून तळाशी निळी शाई घातलेलं थोडं पाणी ओता. पेला झाकणाच्या पारदर्शक डब्यात घट्ट बसवा. विमानातही द्रव असाच दुहेरी बंदिस्त असतो. समोर सेकंदाला 240 फ्रेमवर लावलेला मोबाईल आणि बॅटरीचा दिवा. हे सगळं एका खोक्यात पक्कं करा.

आता महत्त्वाचं. उघडं खोकं टाकलं तर हवा त्याला अडवते आणि थोडं वजन परत येतं. म्हणून ते दुसऱ्या मोठ्या, तळाशी वाळू भरलेल्या पेटीत टांगा, खाली वीतभर मोकळी जागा ठेवून. आतल्या खोक्याची दोरी पेटीच्या झाकणातल्या भोकातून वर काढा, पेटीच्या दोरीशी एकाच गाठीत बांधा आणि गाठ गच्चीबाहेर काढलेल्या बांबूला सुतळीनं अडकवा. गाठीच्या वर सुतळी कापली की दोन्ही एकदमच सुटतात. सुतळी जाळून तोडू नका, खाली भुसकट असतं.

खाली सोयाबीनच्या भुसकटाची पोती हातभर जाड रचा. सकाळी लवकर करा, दुपारी वारा सुटतो. पाणी पूर्ण थांबल्याशिवाय कात्री लावायची नाही, आणि कात्री शिक्षकांच्याच हातात. खोल मिळते म्हणून कोरड्या विहिरीकडे लेकरांना अजिबात नेऊ नका.

नंतर व्हिडिओ फ्रेम-फ्रेमनं बघा. उभं असताना फटीत पाणी जोडाच्या कडेलाच चढलेलं दिसतं. सुतळी तुटली की रुंद बाजूचं पाणीही वर धावतं, कारण त्याला खाली ओढणारं वजन राहिलेलं नसतं. अंतराळयानाच्या टाक्यांत इंधन तोटीपर्यंत आणायला अशाच पट्ट्या बसवतात. मग बाकी काहीही न बदलता पट्ट्यांना आतून मेणबत्ती घासा आणि पुन्हा सोडा. काच आणि मेण, दोन्हींत पाणी कितव्या फ्रेमला कुठवर पोचलं, ते लेकरांना आलेखकागदावर स्वतः मांडू द्या.