काउंटरवर देश चालवण्याआधी: व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमागचा सरकारी कागद कसा शोधायचा

माझं बार्शीत किराणा दुकान आहे. साखर जोखून होईपर्यंत गिऱ्हाईक जीएसटीपासून परराष्ट्र धोरणापर्यंत एक फेरी मारून येतं. त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. मतं असावीत आणि ती खणखणीत असावीत. फक्त ज्या मोबाईलवर मेसेज येतो, त्याच मोबाईलवर त्यामागचा कागदही बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत निघतो. तो आधी बघावा, मग सरकारला हार घालावा नाहीतर शिव्या द्याव्यात. हा कागद काढायची माझी पद्धत खाली लिहितोय. वकील आणि सीए मंडळींनी नाही वाचलं तरी चालेल.

आधी मेसेज सोलायचा

'सरकारने ठरवलंय' असं कुणी म्हणालं की पहिला प्रश्न, कुठल्या सरकारने? नोटा रिझर्व्ह बँकेच्या. नाणी केंद्र सरकार पाडतं, पण चलनात आणते रिझर्व्ह बँकच. जीएसटी परिषद फक्त शिफारस करते, अधिसूचना वित्त मंत्रालय काढतं. आयात-निर्यातीचं बघतं विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी. यूपीआयचे नियम ते चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेचे. बायकांच्या खात्यात पैसे, पीक नुकसानीची मदत, शाळेचे नियम यातलं बरंचसं मुंबईहून निघतं, दिल्लीहून नाही. मालक सापडला की निम्मं काम झालं.

दुसरा प्रश्न, कधीपासून? तिसरा, कुणाला लागू? या तीन प्रश्नांना मेसेजमध्ये उत्तरच नसेल आणि त्याऐवजी 'लवकरच', 'तत्त्वतः मंजुरी', 'सूत्रांच्या माहितीनुसार' असले शब्द असतील, तर कागद अजून निघालेलाच नाही असं समजून गिऱ्हाईकाला साखर द्यायची आणि मोकळं व्हायचं.

२०२३ च्या मार्चअखेरीस 'दोन हजाराच्या वर यूपीआय केलं की १.१ टक्का कापणार' असं सगळीकडे फिरलं. माझ्याकडे क्यूआर कोड काउंटरवर चिकटवलेला, त्यामुळे दिवसभर तोच विषय. एनपीसीआयचं स्पष्टीकरण काढलं तर तिसऱ्या प्रश्नातच सगळं सुटलं. तो आकार वॉलेटसारख्या प्रीपेड साधनातून दुकानदाराला केलेल्या व्यवहारावर होता. तो गिऱ्हाईकाने द्यायचा नव्हता, आणि बँक खात्यातून थेट दुसऱ्या खात्यात जाणाऱ्या पैशाला लागूच नव्हता. मेसेजमधला १.१ चा आकडा खरा, दोन हजारही खरे. फक्त 'कुणाला' हे गाळलं होतं. नोटेत चिप बसवलीय असले शुद्ध बाजारगप्पांचे मेसेज ओळखायला सोपे, असे अर्धे खरे मेसेज जास्त त्रास देतात.

बातमी आणि अधिसूचना यात पैसे जातात

आमच्या भागातला कांदा सोलापूरच्या बाजार समितीत जातो, त्यामुळे हे उदाहरण इथे सगळ्यांना कळतं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने ३१ मार्च २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद केली. मग फेब्रुवारीत अचानक बंदी उठल्याच्या बातम्या झळकल्या. लासलगावला १७ फेब्रुवारीला क्विंटलला १,२८० रुपये असलेला दर १९ तारखेला १,८०० वर गेला. आणि लगेच केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या सचिवांनी सांगितलं की बंदी उठलेली नाही. मार्चमध्ये तर ती पुढच्या आदेशापर्यंत वाढवली. खरी उठली ४ मे २०२४ ला, तीही टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के निर्यात शुल्क लावून.

त्या दोन-तीन दिवसांत ज्याने चढ्या भावाने माल उचलला त्याचं काय झालं असेल ते सांगायला नको. डीजीएफटीच्या संकेतस्थळावर 'नोटिफिकेशन्स' म्हणून यादी असते, सगळ्यात नवीन सगळ्यात वर. बंदी उठल्याची अधिसूचना त्या यादीत नसेल, तर बंदी उठलेली नाही. मंत्री बैठकीतून बाहेर येऊन काय बोलले याने बंदरातला कंटेनर हलत नाही. (शेतकऱ्याच्या मालावर असे रातोरात निर्णय घेऊ नयेत हे माझं मत आहेच, आणि कागद वाचून ते जास्त पक्कं झालंय.)

राजपत्र वाचायचं कसं

केंद्राच्या अधिसूचना ज्यात छापल्या जातात त्या राजपत्राचं, म्हणजे ई-गॅझेटचं, संकेतस्थळ आहे. पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन'ने संपतोय ना, एवढं बघून घ्या. मंत्रालय आणि तारीख टाकून शोधता येतं. पीडीएफ उघडली की वर तीन सिंहांची मुद्रा, 'भारत का राजपत्र', खाली 'असाधारण'. त्या शब्दाने दचकू नका, नेहमीच्या ठरलेल्या अंकाबाहेर काढलेला अंक एवढाच त्याचा अर्थ. आधी हिंदी मजकूर, मग इंग्रजी. हिंदीत 'सा.का.नि.' किंवा 'का.आ.' असं लिहून पुढे एक क्रमांक असतो. तो लिहून घ्या, पुढे वाद झाला तर तोच कामाला येतो.

मराठीत हे मिळत नाही, याचा मला मनापासून राग आहे. आपल्या ताटातल्या वस्तूवर कर लागतो आणि तो कागद आपल्या भाषेत वाचायची सोय नाही. गूगल लेन्सने कॅमेरा धरला की कामचलाऊ मराठी होतं, पण कायद्याच्या वाक्यात ते गडबडतं. त्यामुळे मी हिंदी थेट वाचतो आणि दोन जागा सोडत नाही. एक, 'परंतु'ने सुरू होणारा परिच्छेद. सूट, अट, अपवाद सगळं तिथे दडलेलं असतं. दुसरी जागा शेवटची टीप. मूळ अधिसूचना कधीची आणि तिच्यात आधी कधी बदल झाले ते दुरुस्तीच्या अधिसूचनेत तिथे दिलेलं असतं. एखादा मेसेज जुनाच बदल नवा म्हणून खपवत असेल तर तो इथे पकडला जातो.

माझ्या धंद्यातलं उदाहरण देतो. जुलै २०२२ मध्ये 'तांदूळ, पीठ, दही सगळ्यावर जीएसटी' असा बोभाटा झाला. जीएसटी परिषदेची ४७ वी बैठक जूनअखेरीस चंदीगडला झाली होती, अधिसूचना १३ जुलैच्या, अंमल १८ जुलैपासून. कागदात शब्द होते 'आधीच पॅक केलेलं आणि लेबल लावलेलं'. आधी फक्त ब्रँडच्या मालावर ५ टक्के होता, आता पॅक आणि लेबल असलं की झालं. पण धान्य, डाळी, पीठ यांना मर्यादा २५ किलोपर्यंतच. त्यावरचं पोतं करातून बाहेर. मी पोत्यातून सुटा तांदूळ जोखून दिला तर त्यावरही कर नाही. मात्र १० किलोचे दहा पुडे एका मोठ्या पिशवीत घातले तर प्रत्येक पुडा २५ च्या आतला, म्हणून कर लागतो. हे सगळं वित्त मंत्रालयाने प्रश्नोत्तराच्या रूपात छापलं होतं.

थोड्याच दिवसांत बाजारात २६ आणि ३० किलोची पोती दिसायला लागली. का, हे कागद वाचलेल्याला विचारावं लागलं नाही. आणि माझं मतही तिथेच तयार झालं. ज्याच्याकडे एकरकमी ३० किलोचं पोतं उचलायला पैसे आहेत तो सुटला. पगार झाल्यावर पाच किलोची पिशवी नेणारा ५ टक्के भरतो. हा मुद्दा मला कुठल्या मेसेजने दिला नाही. माझ्याच दुकानात रचलेल्या मालाकडे बघून आणि अधिसूचनेतली एक ओळ वाचून तो सुचला.

राज्याचा जीआर

हे मराठीत असतं, म्हणून सगळ्यात सोपं. 'वाचा', मग 'प्रस्तावना', मग 'शासन निर्णय' असा क्रम. शेवटच्या पानावर एक ठरलेलं वाक्य असतं की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक अमुक असा आहे. तो लांबलचक आकडा तारखेने सुरू होतो. ग्रुपवर आलेल्या जीआरमध्ये हे शेवटचं पानच नसेल तर तिथेच थांबा. असेल तर तो आकडा राज्य शासनाच्या शासन निर्णयांच्या संकेतस्थळावर टाका. खरा असेल तर तीच पीडीएफ समोर येते.

पण एक जीआर सापडला म्हणून हुरळून जाऊ नका. लाडकी बहीण योजनेचा निर्णय २८ जून २०२४ चा. त्यात वयाची मर्यादा ६० आणि पाच एकर जमिनीची अट. आठवडाभरात, ३ जुलैला दुरुस्ती निघाली, वय ६५ झालं आणि जमिनीची अट गेली. त्या काळात पहिल्या जीआरची पीडीएफ अस्सल होती आणि तरीही तिच्यावर विसंबून एखादीने अर्जच भरला नसता. म्हणून त्याच विभागाचे पुढचे निर्णय आणि शुद्धिपत्रकं तारखेने लावून बघायची.

संसदेतलं उत्तर

माझी सगळ्यात आवडती जागा हीच, आणि लोक तिकडे फिरकत नाहीत. संसदेच्या संकेतस्थळावर लोकसभा आणि राज्यसभेतले प्रश्न मंत्रालयानुसार, खासदारानुसार, शब्दानुसार शोधता येतात. लोकसभेत एका दिवसाला २० तारांकित प्रश्न, म्हणजे तोंडी उत्तराचे, आणि २३० अतारांकित, म्हणजे लेखी उत्तराचे. टीव्हीवर दिसतो तो गोंधळ तारांकितच्या तासाचा. खरा माल अतारांकितमध्ये असतो, कारण तिथे लेखी उत्तर द्यावं लागतं आणि बऱ्याचदा शेवटी राज्यवार तक्ता जोडलेला असतो. आपल्या खासदाराचं नाव टाकून त्यांनी काय काय विचारलंय तेही बघा, निवडणुकीच्या गप्पांना चांगला मसाला मिळतो.

उत्तरं गुळमुळीत असतात. 'माहिती गोळा केली जात आहे', 'हा राज्याचा विषय आहे' हे नेहमीचे पळपुटे रस्ते. पण मंत्र्याने सभागृहात दिलेला आकडा आणि सभेत माईकवर फेकलेला आकडा यात फरक आहे. सभागृहाची दिशाभूल केली तर हक्कभंग ओढवतो, त्यामुळे लेखी उत्तरात हात आखडता असतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघण्यात वेगळीच मजा आहे.

फॅक्ट चेक, फोटो, एआय

पीआयबीचं, म्हणजे केंद्राच्या पत्र सूचना कार्यालयाचं, फॅक्ट चेक उपयोगाचं आहे, पण त्याचा उपयोग कशापुरता ते लक्षात ठेवावं. अमुक पत्र खातं म्हणतंय मी काढलंच नाही, एवढं ते सांगणार. निर्णय चांगला की वाईट हे त्यांचं काम नाही. सरकारच्या कारभाराबद्दलचा मजकूर खोटा ठरवायचा अधिकार सरकारच्याच विभागाला देणारी २०२३ ची नियमदुरुस्ती मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केली. मला ते पटलं. माल विकणाऱ्यानेच वजनकाटा तपासायचा हे कुठल्या बाजारात चालतं?

फोटो असेल तर लेन्सने शोधा, जुना किंवा परदेशातला असेल तर बहुधा लगेच कळतं. एआयला विचारायला हरकत नाही, पण अधिसूचनेचा क्रमांक तो ठोकून देऊ शकतो. क्रमांक मिळाला की राजपत्रात टाकून बघायचाच. दहा रुपयांचं नाणं बंद झालं म्हणणाऱ्याला रिझर्व्ह बँकेचं १७ जानेवारी २०१८ चं पत्रक दाखवा. दहाच्या नाण्यांचे तोवर निघालेले १४ नमुने आहेत आणि सगळे चालतात असं त्यात स्वच्छ लिहिलंय. तरी घेत नाही म्हणाला तर मला पाठवा, मला सुट्टे लागतातच.

कुठेच कागद सापडला नाही तर माहितीचा अधिकार आहे. केंद्राच्या खात्याला ऑनलाइन अर्ज करता येतो, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. 'हे का केलं' असं विचारू नका, 'याबाबतच्या आदेशाची प्रत द्या' असं मागा.

सापडलेला कागद ग्रुपवर कसा टाकायचा

चाळीस पानी पीडीएफ कुणी उघडत नाही. कामाच्या ओळीचा स्क्रीनशॉट काढा, मोबाईलमध्येच लाल रेघ ओढा, खाली अधिसूचनेचा क्रमांक, तारीख आणि पान लिहा. पीडीएफ सोबत द्या पण दुसऱ्या मेसेजमध्ये. फाइलचं नाव बदलून ठेवा, नाहीतर सहा महिन्यांनी आकड्यांच्या जंगलात ती सापडणार नाही. माझ्या मोबाईलवर 'तांदूळ २५ किलो जुलै २०२२' अशा नावाने आहे.

आणि मूळ मेसेज मामांनी, काकांनी किंवा व्याह्यांनी टाकला असेल तर आधी त्यांना एकट्याला पाठवा. 'मामा, हा कागद सापडला, तुम्हीच ग्रुपवर टाका की' एवढंच लिहायचं. मामा टाकतात, वर स्वतःच शोधल्यासारखा मजकूरही लिहितात. लिहू द्यावा.