मसाल्याच्या गिरणीची वेबसाइट गूगलवर वर कशी आणावी

लालबागला माझ्या मावसभावाची मसाल्याची गिरणी आहे. चैत्र-वैशाखात दुकानाबाहेर मिरच्यांच्या पिशव्या घेतलेल्या बायकांची रांग, आत मसाला कुटणाऱ्या डंखांचा धडधडाट आणि गल्ल्यावर शिंका आवरत बिलं फाडणारा भाऊ. दुकान जोरात, वेबसाइट मात्र धूळ खात पडलेली. गूगलवर दुकानाचं नाव टाकलं तर सापडायची. 'मालवणी मसाला लालबाग' टाकलं की पत्ताच नाही. ती वर आणायला काय केलं, ते क्रमाने सांगतो. तुमचं दुकान शिलाईचं असो की फराळाचं, काम हेच.

आधी आहे ते तपासा

सर्च कन्सोल हे गूगलचं फुकट साधन. साइट तुमचीच आहे हे दाखवायला एक छोटी फाइल चढवावी लागते किंवा डोमेनच्या, म्हणजे साइटच्या नावाच्या, सेटिंगमध्ये एक ओळ टाकावी लागते. साइट बनवून देणाऱ्याला सांगितलंत तर तो करून देईल. मग दोनच रिपोर्ट उघडा. 'परफॉर्मन्स'मध्ये लोकांनी काय टाइप केल्यावर तुमची साइट दिसली, किती जणांनी क्लिक केलं आणि ती सरासरी कितव्या जागी होती हे कळतं. 'लिंक्स'मध्ये बाहेरच्या कोणत्या साइट्स तुमच्याकडे बोट दाखवतात ते दिसतं.

आमचा पहिला रिपोर्ट जवळजवळ कोरा. दुसऱ्यात शेकडो लिंका, आणि त्यातली एकही ओळखीची नाही! जुगाराची पानं, कुठल्या तरी भाषेतल्या औषधांच्या याद्या. मग आठवलं, दोन वर्षांपूर्वी मीच एका एजंटाला ५,००० रुपये देऊन '५०० बॅकलिंक्स' घेतल्या होत्या.

लिंकचा हिशोब मला तेव्हा कळला नव्हता. गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९९८ च्या सुमारास मांडलेली पेजरँकची कल्पना साधी होती: एका पानाने दुसऱ्याला दिलेली लिंक म्हणजे शिफारस, आणि शिफारस करणाऱ्याचं स्वतःचं वजन जितकं, तितकी ती मोलाची. मासळीबाजारातली मावशी म्हणाली, 'बांगड्याला मसाला त्या गिरणीतलाच घे,' तर गिऱ्हाईक सरळ तिथे जातं. स्टेशनबाहेर पत्रकं वाटणाऱ्या ५०० पोरांनी ते होत नाही. आज गूगल लिंकांखेरीज कितीतरी गोष्टी पाहतं, पण हा फरक अजून टिकून आहे. २०१२ च्या एप्रिलमध्ये गूगलच्या क्रमवारीत पेंग्विन नावाचा बदल आला आणि विकतच्या लिंकांचे दिवस फिरले. आता त्या बहुतेकदा धरल्याच जात नाहीत. अतिच झालं तर गूगलकडून कारवाई होते आणि तशी सूचना सर्च कन्सोलमध्ये येते. आमच्यावर कारवाई नव्हती, म्हणून लिंका नाकारण्याचं साधन असूनही आम्ही त्याला हात लावला नाही. पैसे गेले ते गेले.

लिहायचं काय, ते गिऱ्हाइकाला विचारा

साइटवर होतं काय? 'दर्जा हीच आमची ओळख', दोन परिच्छेद परंपरेचे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून उचललेला दरपत्रकाचा फोटो. फोटोतली अक्षरं गूगल नीट धरेलच असं नाही, म्हणून दर आधी मजकुरात टाइप केले. तळाशी 'लालबाग मसाला, बेस्ट मसाला, मुंबई मसाला' अशी शब्दांची माळ होती, ती काढली. कीवर्डचा मेटा टॅग, म्हणजे पानाच्या कोडमध्ये दडलेली अशीच शब्दांची यादी, आपण क्रमवारीसाठी पाहत नाही, हे गूगलने २००९ मध्येच सांगितलं आहे. त्यावर कोणी पैसे मागितले तर हसून सोडून द्या.

खरं काम पुढे. भावाला गल्ल्याशेजारी एक वही ठेवायला लावली आणि आठवडाभर गिऱ्हाइकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहायला सांगितले. बेडगीने रंग येतो, मग तिखटपणाला लवंगी किती घालू? मिरची वाळवूनच आणायची का? हिंगाचे खडे बरणीत वर ठेवायचे की मध्ये? आणि सगळ्यात जास्त वेळा: पाच किलो मिरचीचा मसाला किती भरेल?

या शेवटच्या प्रश्नावर आम्ही एक अख्खं पान केलं. भावाने गिरणीतल्या काट्यावर पाच किलो मिरची तोलली, देठं काढून तोलली, ऊन दाखवून तोलली, मग धणे-खडा मसाला घालून कुटल्यावर तोलली. दर वेळी काट्याचा फोटो. देठांतच किती वजन जातं ते पाहून तो स्वतः चाट पडला. असं पान दुसऱ्या कोणाकडे नव्हतं, आणि माझ्या मते मजकुराची खरी कसोटी हीच. 'मसाल्यांचे आहारातील महत्त्व' असले लेख यंत्राकडून हवे तितके लिहून घ्या, वाचणार कोण?

पानाचा मथळा म्हणजे तो प्रश्नच ठेवा. बरेच जण मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करतात, म्हणून तेही रूप मजकुरात सहज बसेल तिथे एकदा येऊ द्या. मुख्य पानावरून नव्या पानाला लिंक द्या, ती विसरू नका.

आता लिंका मागा, ओळखीच्यांकडे

दाखवण्याजोगं पान तयार झालं की मगच. आम्ही कागदावर नावं काढली: मसाला नेणारी मालवणी खानावळ, वाशीच्या मार्केटातला मिरचीचा व्यापारी, माशांच्या पाककृती लिहिणारी एक ताई. वेबसाइट असलेल्यांनाच फोन केले. ताईंना दुकानाची नाही, वजनाच्या पानाची लिंक पाठवली. त्यांच्या वाचकांना ते उपयोगाचं होतं, त्यांनी आपणहून दिली. लिंकवरचे शब्द देणाऱ्याला ठरवू द्या. सगळ्यांकडून 'मुंबईतील सर्वोत्तम मसाला' हेच शब्द आले तर संशय येणारच.

इथे एक मेख आहे. लिंकच्या बदल्यात मसाल्याची पाकिटं पाठवली तरी गूगलच्या नियमांत तो सौदाच ठरतो. मंडळाला जाहिरात देऊन त्यांच्या साइटवर नाव आलं तर तेही तसंच. अशा लिंकेला कोडमध्ये 'स्पॉन्सर्ड' किंवा 'नोफॉलो' खूण लावायला सांगा, म्हणजे ही शिफारस नव्हे हे गूगलला कळतं. गिऱ्हाईक त्यातूनही येतं, फक्त क्रमवारीसाठी तिच्यावर भिस्त ठेवू नका.

नकाशावर दिसण्यासाठी गूगल बिझनेस प्रोफाइलमध्ये नाव, पत्ता, फोन आणि वेळा साइटवर आहेत तशाच भरा. तिथे अंतर मोजलं जातं, पण दुकानाची प्रसिद्धीही मोजली जाते आणि तिच्यात वेबवरच्या लिंकाही येतात.

घाई करू नका

बदलांचा परिणाम दिसायला काही आठवडे, कधी काही महिने लागतात. म्हणून मसाल्याचं पान जानेवारीत चढवा, मिरच्या वाळत पडल्यावर नव्हे. तीन महिन्यांनी 'परफॉर्मन्स' पुन्हा उघडा आणि साधारण आठव्या ते विसाव्या जागी असलेली, पुष्कळांना दिसूनही क्लिक न मिळणारी पानं शोधा. आधी तीच सुधारा. आमच्या यादीत हिंगाचं पान निघालं. त्यात खडे कुठे ठेवायचे ते होतं, किती ते नव्हतं. भावाने वही उघडली, तर तोच प्रश्न चार वेळा लिहिलेला.