लायसन्स निवडताना या चुका टाळा

सॉफ्टवेअरचा कोड खुला करताना त्याला लायसन्सच, म्हणजे वापराच्या परवानगीचा मजकूरच, न टाकणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक. "कोड गिटहबवर (कोड ठेवायच्या साइटवर) पब्लिक आहे, मग कोणीही वापरेल की!" नाही. लायसन्स नसेल तर सगळे हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात. लोक तो गिटहबवर बघू शकतात, फोर्क (आपल्या खात्यात प्रत) करू शकतात, बस्स. मी पहिल्याच कमिटमध्ये (कोडच्या पहिल्या नोंदीत) लायसन्सची फाइल टाकतो.

पुढची चूक मात्र माझी स्वतःची. दुसऱ्या एका प्रोजेक्टमधली लायसन्सची फाइल न वाचता उचलली. ती होती 'फक्त जीपीएल २', 'किंवा पुढची आवृत्ती' ही सवलत नसलेली. (जीपीएल म्हणजे कोड बदलून वाटणाऱ्यानेही तो त्याच लायसन्सखाली खुला ठेवावा, असं सांगणारं लायसन्स.) लिनक्स कर्नलही (लिनक्सचा गाभा) फक्त जीपीएल २ वर आहे, पण तिथे तो निर्णय आहे. माझा निव्वळ आळस होता. दोन वर्षांनी अपाची २.० या दुसऱ्या लायसन्सची लायब्ररी (आयता कोड) जोडायला गेलो आणि अडकलो. अपाचीतल्या पेटंटच्या अटी जीपीएल २ ला चालत नाहीत. २००७ च्या जीपीएल ३ ला चालतात.

मग म्हटलं, लायसन्स बदलू. तोवर सात जणांचा कोड आत आला होता आणि ज्याच्या ओळी त्याचा हक्क. सहा जणांनी लगेच होकार दिला. सातव्याचा ईमेल बंद. शेवटी त्याचा पार्सर (मजकूर वाचून त्याचे भाग पाडणारा कोड) काढला आणि ती फाइल कधीच न उघडलेल्या मित्राकडून नव्याने लिहून घेतला. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरवाल्यांना जीपीएलवरून एलजीपीएल या त्याच्या सैल भावंडावर जाताना अशी शेकडो माणसं शोधावी लागली होती. माझं एकावरच भागलं.

'सगळे एमआयटी लावतात' म्हणून एमआयटी हे छोटं, सैल लायसन्स लावणाऱ्यांनी एवढं तरी बघावं: त्यात पेटंटबद्दल स्पष्ट शब्द नाही, अपाचीत आहे.

कोडला क्रिएटिव्ह कॉमन्स (लेख-चित्रांसाठीची लायसन्सं) लावू नका. ती काढणारी संस्थाच नको म्हणते.

'व्यावसायिक वापर नको' अशी ओळ घातलीत की ते ओपन सोर्स (कोणालाही, कशासाठीही वापरता येणारा खुला कोड) उरत नाही. घाला हवं तर, पण मग तसं म्हणवू नका.

घरगुती अटीही नकोत. जेसन या डेटा लिहिण्याच्या पद्धतीच्या कोडला जे लायसन्स होतं, त्यात एमआयटीपेक्षा 'चांगल्यासाठी वापरा, वाईटासाठी नाही' एवढंच एक वाक्य जास्त होतं, तेवढ्यावर डेबियन या लिनक्सच्या प्रकल्पाने ते अमुक्त, म्हणजे खुलं नसलेलं, ठरवलं.

आणि रीडमीत (प्रोजेक्टची ओळख देणाऱ्या फाइलीत) एमआयटी, पॅकेज डॉट जेसनमध्ये (पॅकेजच्या माहितीच्या फाइलीत) आयएससी हे वेगळंच लायसन्स? एनपीएमने (जावास्क्रिप्टची पॅकेजेस सांभाळणाऱ्या साधनाने) विचारलं तेव्हा नुसतं एंटर दाबत गेलात आणि तिथला आयता पर्याय बसला, दुसरं काय.